दया, अभिजीत आणि आडनाव

'सी.आय.डी.' ही मालिका सोनीवर जानेवारी 1998 मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर 2018 पर्यंत चालली. भाग दीड हजारांच्या वर. डिसेंबर 2024 मध्ये ती परत आली. आपल्या वस्त्यांतले पोट्टे हिच्यावर वाढले. शिवाजी साटमांची बोटं हवेत फिरली की लहान लेकरूही तशीच फिरवतं. म्हणून हिला हसून सोडून देणं मला मंजूर नाही. 'टाइमपास आहे गड्या, काहून डोकं खपवतो?' असं दोस्त म्हणतात. पण जे वीस वर्षं घराघरात चाललं, त्यानं काहीतरी शिकवलंच असणार. काय शिकवलं ते तपासायला नको काय?

मी दोनच गोष्टी तपासतो. या मालिकेतलं प्रेम, आणि या मालिकेतल्या माणसांची वाढ.

प्रेमाच्या जोड्या दोन. इन्स्पेक्टर अभिजीत आणि डॉक्टर तारिका. इन्स्पेक्टर दया आणि श्रेया. अभिजीत-तारिकाचं प्रेम फॉरेन्सिक लॅबमध्ये चालतं. मधे टेबलावर मुडदा, अलीकडे अभिजीत, पलीकडे तारिका. अभिजीत लाडीगोडी लावतो आणि डॉक्टर साळुंखे त्याच्यावर खेकसतात. लोक हसतात. दया मात्र अबोल. जो माणूस एका लाथेत दरवाजा तोडतो, त्याच्या तोंडून श्रेयासमोर शब्द निघत नाही. प्रेक्षकांना हे आवडलं. पोरीबाळींनी या जोड्यांसाठी जीव टाकला.

आता प्रश्न असा, की 2018 पर्यंत यातली एकही जोडी मांडवात का गेली नाही? चाळिशी ओलांडलेले, सरकारी नोकरीतले, पगारदार अधिकारी. अडचण काय होती? कोणी म्हणेल, लग्न झालं की गंमत संपते. हे कारण अर्धंच आहे. लग्न म्हटलं की पत्रिका छापावी लागते. पत्रिकेवर आडनाव लागतं, गाव लागतं, मामाकडचे-काकाकडचे लागतात. आणि आडनाव आलं की आपल्या देशात पुढचा प्रश्न कोणता येतो, हे तुम्हांला सांगायची गरज नाही.

या मालिकेत दयाला, अभिजीतला, तारिकाला, श्रेयाला कोणी आडनावानं हाक मारत नाही. खुद्द ए.सी.पी. नुसते प्रद्युम्न. आडनावानं ओळखले जातात ते मुख्यतः साळुंखे, म्हणजे त्या प्रेमावर पहारा ठेवणारे वडीलधारे! आणि फ्रेडरिक्स. तो ख्रिश्चन, त्याला बायको आहे, घर आहे. पण त्याला दिला विनोद. दिनेश फडणीस या मराठी नटानं तो जीव ओतून केला. डिसेंबर 2023 मध्ये ते गेले तेव्हा वस्तीतली माणसंही हळहळली. पण ज्याला संसार आहे तोच हास्यास्पद, आणि जे मोठे आहेत त्यांना ना घर ना गाव, ही वाटणी बघून ठेवा.

आडनाव काढून टाकलं म्हणजे जात गेली, असं मध्यमवर्गीय मनाला वाटतं. जात गेली नाही. फक्त ती बोलायची बंद झाली.

आता वाढीचं बघू. मी सूतगिरणीत काम करतो. रिंगवर धागा तुटला की तो सांधावा लागतो. न सांधता पुढचं सूत येत नाही. या मालिकेत दर आठवड्याला धागा तुटतो आणि पुढच्या आठवड्यात नवी कांडी लावतात. अभिजीतची स्मृती गेलेली आहे, त्याचा भूतकाळ त्यालाच ठाऊक नाही. केवढं मोठं दुःख! भूतकाळ हिरावून घेतलेल्या माणसाचं दुःख आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पण मालिका ते चार-दोन भागांत वापरते आणि अभिजीत पुन्हा बोटांचे ठसे शोधायला निघतो.

सगळ्यांत मोठा प्रसंग प्रद्युम्नचा. मुलगा नकुल गुन्हेगार निघतो आणि बाप त्याला गोळी घालतो. कायद्यापुढे रक्त गौण, असा धडा. ऐकायला भव्य वाटतो. पण मित्रांनो, महाराष्ट्रात पोटच्या पोरीचा जीव घेणारे बाप आपण पेपरात वाचतो. ते कायद्यासाठी घेतात काय? ते आडनावासाठी घेतात. हा खून सी.आय.डी.च्या लॅबमध्ये मुख्य प्रश्न होऊन कधी ठाण मांडत नाही.

28 एप्रिल 2014. जामखेड तालुक्यातलं खर्डा. सतरा वर्षांचा नितीन आगे. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढ्या संशयावरून त्याला मारलं. नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फिरले. तिथं कोणता दया दरवाजा तोडणार होता? दरवाजा उघडाच होता. गाव बघत होतं. गुन्हेगार शोधायचा नव्हता, साक्षीदाराला उभं ठेवायचं होतं.

आणि खैरलांजी तर आपल्या शेजारी, भंडारा जिल्ह्यात. 29 सप्टेंबर 2006. भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले. त्यानंतर कुजबुज काय पसरवली? अनैतिक संबंधाची. म्हणजे मेलेल्या बाईवर 'प्रेम' लादून खुनाचं कारण तयार केलं. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं शिक्षा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागू केलं नाही. 2010 मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीची जन्मठेप केली. तुम्ही ठाण्यात फिर्याद द्यायला जाता तेव्हा तुम्हांला ठाऊक आहे, की जात नोंदवली नाही तर ते कलम उभंच राहत नाही. मग ज्या ठाण्यात कोणाला आडनावच नाही, त्या ठाण्यात 1989 चा कायदा कसा लागेल? हा माझा सी.आय.डी.वरचा मुख्य आक्षेप आहे.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या मालिकेकडून एवढी अपेक्षा काहून? तर करून दाखवलेलं उदाहरण आहे. 2023 मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइमवर 'दहाड' आली. रीमा कागती आणि झोया अख्तर यांची. आठ भाग. राजस्थानातल्या मंडावाच्या ठाण्यात अंजली भाटी ही सबइन्स्पेक्टर आहे. ती दलित. ती जवळून गेली की ठाण्यातला एकजण उदबत्ती लावतो. गरीब घरच्या, हुंडा न परवडणाऱ्या पोरींना एक हिंदीचा प्राध्यापक लग्नाच्या वचनावर पळवतो आणि सायनाइड देऊन मारतो. कर्नाटकातल्या 'सायनाइड मोहन'च्या खऱ्या प्रकरणावरून हे घेतलं आहे. इथं प्रेम हेच हत्यार. आणि ते चालतं का? कारण या पोरी हरवल्या तरी ठाणं हलत नाही. एका भावाला, बहीण मुसलमानाबरोबर पळाली, असं खोटं सांगावं लागतं, तेव्हा कुठं यंत्रणा जागी होते. असा प्रसंग लिहायला समाज वाचता यावा लागतो.

अंजलीची वाढ आडनावातूनच होते. बापानं पोरीला त्रास नको म्हणून मेघवालचं भाटी केलेलं. शेवटी ती मेघवाल हे नाव परत मागते. खुनी सापडला यापेक्षा मला हा शेवट मोठा वाटतो.

'दहाड' निर्दोष नाही. अंजली एकटी आहे. तिच्या मागे चळवळ उभी दिसत नाही, जणू स्वाभिमान एकटीला बुलेटवर बसून मिळतो. भूमिका मोठ्या नटीला, सोनाक्षी सिन्हाला. आपली मुलगी त्या जागी कधी येणार, हा सवाल उरतोच. पण निदान त्यांनी आडनाव उच्चारलं.

बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये आंतरजातीय विवाह हा जातीवरचा खरा उपाय म्हटला. म्हणजे प्रेम ही आपल्याकडे खाजगी बाब नाही. दया आणि श्रेयाचं लग्न लांबवणाऱ्यांनी हे टाळलं.

आता आपलं काम. तुमच्यातले कितीतरी जण रात्री-बेरात्री ठाण्यात बसून फिर्याद लिहून घ्यायला भाग पाडतात. कोणता हवालदार कोणता शब्द गाळतो हे तुम्हांला पाठ आहे. पोलिसी कथा तुमच्याइतकी कोणाला ठाऊक आहे? ती लिहा. त्यात प्रेम असू द्या, भरपूर असू द्या. आणि पहिल्याच पानावर त्या दोघांची पूर्ण नावं लिहा.