पांखरांची मोजदाद

परीक्षणासाठीं ग्रंथ घ्यावा, त्याचीं पानें, किंमत व छपाई यांचा उल्लेख करावा आणि मग गुणदोषांकडे वळावें, अशी मासिकांची जुनी वहिवाट आहे. आज आम्हीं जें परीक्षणास घेतलें आहे त्यास पुठ्ठा नाहीं, शिवण नाहीं व एक असा ग्रंथकारही नाहीं. दर वर्षीं नोव्हेंबरच्या ५ तारखेपासून १२ तारखेपर्यंत महाराष्ट्रांत पक्षिसप्ताह पाळला जातो. पक्षिमित्रांची ही रीत २०२० सालीं राज्यसरकारनें अधिकृत केली. त्या आठवड्यांत शिक्षक, विद्यार्थी, वनखात्याचे नोकर व नुसती हौस म्हणून आलेली मंडळी नदीकांठीं, तळ्यांवर व माळांवर हिंडतात, दिसेल तें पांखरूं टिपतात, आणि त्या टिपणांचे तक्ते होतात. तो तक्ता हेंच आमचें आजचें पुस्तक. तें वाचतांना परभणी जिल्हा आम्हीं डोळ्यांपुढें ठेवला आहे. कारण तेथें रान थोडें व शेत फार. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्या, जिंतूरकडील येलदरीचें धरण, आणि बाकी सारी काळी जमीन. दाट जंगलाची शोभा नसलेल्या अशा मुलखांतच मोजणीची खरी परीक्षा होते.

सप्ताहाचीं दोन टोकें मोठ्या औचित्यानें निवडलीं आहेत. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस (१९३२), आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा (१८९६). एकानें जन्मभर पक्ष्यांचीं नांवें गोळा केलीं, दुसऱ्यानें प्रत्यक्ष पक्षी. या दोन संग्रहांच्या मधोमध जी मोजणी चालते, ती दोघांच्याही वारशास कितपत जागते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

सालिम अलींकडे आधीं वळूं. कारण परभणीचा संबंध तेथूनच लागतो. १९३१-३२ सालीं त्यांनीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. परभणी त्या वेळीं त्याच संस्थानांतील एक जिल्हा होता. हातीं नोकरी नसलेल्या या गृहस्थानें संस्थानापुढें ठेवलेली अट मोठी नमुनेदार होती: पगार नको, फिरण्याचा खर्च तेवढा द्यावा. पाहणीचा वृत्तान्त मुंबईच्या निसर्गेतिहासमंडळाच्या नियतकालिकांत १९३३ व १९३४ या वर्षांत हप्त्याहप्त्यानें आला, व त्यावर ह्यू व्हिस्लर या इंग्रज पक्षिविदाच्या टिपा होत्या. आजही कोणी दख्खनच्या पक्ष्यांविषयीं लिहूं लागला म्हणजे त्यास या वृत्तान्ताचा उंबरा ओलांडावाच लागतो.

परंतु गुण मान्य केल्यावर मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या काळच्या शास्त्राचा प्रश्न ‘कोणता पक्षी?’ हा होता, ‘किती?’ हा नव्हता. बंदुकीनें पक्षी मिळवावा, कातडें भरावें, चिठ्ठी बांधावी व तें संग्रहालयांत ठेवावें, हा त्या काळीं सर्वमान्य मार्ग होता. चिठ्ठीवर स्थळ येई, तारीख येई, माप येई. त्या दिवशीं त्या शिवारांत तसलीं आणखी किती पांखरें होतीं हें चिठ्ठीवर मावत नसे. ‘विपुल’, ‘साधारण’, ‘विरळा’ अशा शब्दांवर भागवावें लागे, आणि एका माणसाचें विपुल तें दुसऱ्याचें साधारण असतें. परिणाम असा कीं, नव्वद वर्षांपूर्वीं मराठवाड्यांत कोणते पक्षी होते हें आपणांस बऱ्यापैकीं ठाऊक आहे. ते किती होते हें ठाऊक नाहीं. आज एखादा म्हातारा शेतकरी म्हणतो, पूर्वीं पांखरें फार होतीं. आपण मान डोलावतों, पण त्याचें म्हणणें सिद्ध करावयास किंवा खोडावयास आपल्या हातीं कांहींच नसतें. त्यांत आणखी एक गुंता. १ मे १९९९ रोजीं हिंगोली वेगळा जिल्हा झाला. म्हणजे जुन्या कागदांतील परभणी व आजची परभणी या दोन भिन्न वस्तु आहेत. पांखरांस हद्दीचें सोयरसुतक नसतें, तक्त्यास मात्र असतें.

‘किती?’ हा प्रश्न अन्यत्र कोणी विचारलाच नव्हता असें नाहीं. अमेरिकेंत नाताळच्या दिवशीं पैजेनें पक्षी मारण्याची चाल होती. तिच्याऐवजीं पक्षी मोजावे अशी सूचना फ्रँक चॅपमन यांनीं केली, व १९०० सालच्या नाताळांत २७ माणसांनीं २५ ठिकाणीं पहिली मोजणी केली. इंग्लंडांत १९२८ सालीं मॅक्स निकोल्सन यांनीं एका पक्षिविषयक मासिकाच्या वाचकांना हाताशीं धरून राखी बगळ्यांचीं घरटीं मोजविलीं; ती मोजणी पुढें वर्षानुवर्ष चालत आली आहे. या दुसऱ्या उदाहरणाचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. पक्षी दुर्मिळ नाहीं, देखणा म्हणावा तर तसाही नाहीं. मोजावयाचें तें झाडावरचें काटक्यांचें घरटें. परंतु कडक हिंवाळ्यानंतर बगळे किती घटतात व किती वर्षांनीं सांवरतात, हें त्या कंटाळवाण्या चिकाटीमुळेंच कळलें. मासिकाच्या वाचकांकडून एवढें होऊं शकतें, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी म्हणून येथें मुद्दाम नोंदविली आहे.

आतां आपल्याकडील अलीकडचें काम पाहूं. ‘भारतांतील पक्ष्यांची स्थिति’ या विषयावरचा अहवाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या सुमारें तीन कोटि नोंदींवर तो उभा आहे. त्यांत ९४२ जातींचा विचार आहे. पैकीं दीर्घ मुदतीचा कल सांगतां आला तो अवघ्या ३३८ जातींचा, आणि त्यांतल्या शेंकडा ६० जाती घटल्या आहेत. वर्तमानपत्रांनीं शेंकडा ६० हा आंकडा ठळक छापला. आम्हांस त्याहून बोलका वाटतो तो उरलेल्या सहाशेंचा आंकडा. त्यांच्याविषयीं अहवाल मौन धरतो, आणि तें मौन पक्ष्यांचें नसून आपलें आहे: पूर्वीं मोजणारेच नव्हते.

या अहवालाची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण आमच्या तक्त्यांचे दोष तिच्या उजेडांत दिसतात. एका ठिकाणीं निदान पंधरा मिनिटें थांबावें किंवा चालावें, आणि ओळखूं आलेला प्रत्येक पक्षी लिहावा. कावळा, साळुंकी, होला यांस क्षुल्लक म्हणून वगळूं नये. अशी पुरी यादी झाली म्हणजे जें लिहिलें नाहीं तेंही बोलूं लागतें. शंभर पुऱ्या याद्यांपैकीं किती याद्यांत नीळकंठ आला, हें काढतां येतें. दहा वर्षांनीं तेंच पुन्हा काढलें म्हणजे पक्षी वाढला कीं घटला हें कळतें. येथें शून्यासही किंमत आहे. जो निरीक्षक केवळ नवलाचे पक्षी टिपतो, त्याच्या यादींतील शून्याचा अर्थ लागत नाहीं: पक्षी नव्हता, कीं त्याला लिहावासा वाटला नाहीं?

आणि सप्ताहाचीं बहुतेक वृत्तें या नवलाच्या जातीचीं असतात. अमुक जलाशयावर इतक्या जातींची नोंद. गेल्या वर्षापेक्षां इतक्या अधिक. अमुक पाहुणा प्रथमच दिसला. वाचून आनंद होतो. परंतु मोजणारे दहांचे तीस झाले म्हणजे जातींची संख्या वाढतेच. त्यावरून पक्षी वाढले असें म्हणणें म्हणजे अधिक माणसांनीं जत्रेंत दुकानें पाहिलीं म्हणून दुकानें वाढलीं असें म्हणणें होय. शिवाय सारीं पावलें पाण्याकडे वळतात. येलदरीच्या पाण्यावर बदकांचा थवा उतरला कीं दुर्बिणी तिकडे लागणारच. दोष कोणी द्यावा? पण नोव्हेंबरचा आरंभ ही पाण्याच्या मोजणीची भर वेळ नव्हे. पाहुणीं बदकें तोंवर पुरतीं आलेलीं नसतात, म्हणूनच १९८७ पासून चालत आलेली आशियाई पाणपक्ष्यांची गणना जानेवारींत ठेवलेली आहे. शेताची वेळ मात्र नेमकी हीच. सोयाबीन निघालेलें, कापसाची वेंचणी चाललेली, तूर फुलोऱ्याला येत असलेली, रब्बीची ज्वारी कोंवळी. उत्तरेकडून आलेले भोवत्या ससाणे उघड्या शिवारावरून खालून खालून घिरट्या घालतात, खाटीक बाभळीच्या शेंड्यावर बसतो, धोबी ओल्या सरींतून शेपटी हालवीत चालतो. त्या अहवालाचाही निष्कर्ष हाच आहे कीं, उघड्या गवताळ मुलखांतले पक्षी फार घटले. ज्या जिल्ह्याचें सारें वैभव उघडें शिवार, त्या जिल्ह्यांत मोजणारा तळ्याच्या कांठीं उभा, हें आम्हांस मोठें विसंगत वाटतें.

खरें पाहतां या शिवारांत पांखरांवर नजर ठेवणारा माणूस पूर्वापार होता. तो मोजणीच्या हौसेनें उभा नव्हता, एवढाच भेद. जोंधळा निसवून दाणा भरूं लागला कीं शेतांत मचाण उभें राही, आणि त्यावर गोफण घेऊन एक पोर किंवा एक म्हातारा दिवस उगवण्याच्या आधीं चढे. भोरड्यांचा थवा कोणत्या दिशेनें येतो, चिमण्या कोणत्या बांधाला दडतात, राघू एक कणीस खाऊन चार कशीं पाडतो, हें त्याला पोटाच्या काळजीनें ठाऊक असे. तो पक्ष्यांचा मित्र नव्हता, शत्रूच होता. पण शत्रूची गणती माणूस मित्रांपेक्षां अधिक कसोशीनें ठेवतो. परभणीच्या कृषिविद्यापीठानें रब्बी ज्वारीचें ‘परभणी मोती’ नांवाचें वाण दिलें, आणि तें पीक अजून आहे. परंतु खरिपांतली ज्वारी मराठवाड्यांत सोयाबीन व कापूस यांनीं मागें सारली. सोयाबीनच्या शेंगेला भोरडी तोंड लावीत नाहीं, म्हणून राखणीची गरज नाहीं. मचाण गेलें, गोफण गेली, आणि त्या मचाणावरची नजरही गेली. थव्यांनीं दुसरें शिवार धरलें कीं थवेच उणावले, हें सांगावयास साक्षीदार उरला नाहीं. हातीं दुर्बीण घेतलेला तरुण हा त्या राखणदाराचा वारस आहे. त्यानें निदान एकदां त्याच्या नातवाशीं बोलावें.

बोलूं लागतांच नांवांची अडचण उभी राहील, आणि येथें चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’चें स्मरण अपरिहार्य होतें. वनखात्यांत आयुष्य वेंचून त्यांनीं रानांतल्या माणसांच्या तोंडचे शब्द लेखणीनें टिपले, व जेथें शब्द नव्हता तेथें घडविला. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ व कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ हे त्यांचे शब्द कानाला जड वाटले तरी अर्थाला नेटके आहेत. जून २०२५ मध्यें ते निवर्तले. त्यांच्या एका पुस्तकाचें नांव ‘पक्षी जाय दिगंतरा’. तें ज्या अभंगांतून उचललें आहे तो जनाबाईचा, आणि जनाबाई गंगाखेडची, म्हणजे याच जिल्ह्याची. त्या अभंगांतील पक्षी कोणत्या जातीचा हें विचारण्याची कोणास गरज पडली नाहीं. पिलांसाठीं दूर जाणारी आई एवढीच त्याची ओळख, आणि कवितेला ती पुरते.

तक्त्याला ती पुरत नाहीं. तक्त्यास एका पक्ष्याला एकच नांव हवें. गांवाकडे पाहावें तर ‘होला’ म्हटलें कीं त्यांत अनेक जाती येतात, ‘टिटवी’ म्हटलें कीं दोन, आणि ‘बगळा’ या शब्दाच्या पदराखालीं तर केवढा परिवार! उलट नीळकंठालाच कोणी तास म्हणतो, कोणी चाष. कोशाचें वैभव एका पक्ष्याच्या अनेक नांवांत आहे, गणनेची शिस्त एका नांवांत आहे, आणि ही तेढ लटकी नव्हे. प्रमाण मराठी नांवांच्या याद्या पक्षिमित्रांनीं तयार केल्या आहेत, तें काम आम्ही आवश्यक मानतों. इंग्रजी नांव पाठ असल्याखेरीज मोजणींत येतां येत नाहीं अशी स्थिति राहिली, तर जिल्ह्याची मोजणी शहरांतल्या पाहुण्यांच्याच हातीं राहील. परंतु प्रमाण नांव हें गांवच्या नांवाचा गळा दाबून येतां कामा नये. कोश कितीही मोठा असला तरी मराठवाड्याच्या वाचकास आपल्या शिवारांतलें नांव तेथें दर वेळीं सांपडेल असें नाहीं. तीं नांवें अद्याप कोणी मागितलेलीं नाहींत. तक्त्यांत एक रकाना वाढवावा: ‘येथें यास काय म्हणतात’. मोजणाराला तो भरण्यासाठीं बांधावरच्या माणसापाशीं थांबावें लागेल, आणि त्याच थांबण्यांत पुऱ्या यादीचीं पंधरा मिनिटेंही भरतील.

नीळकंठाचा उल्लेख वर दोनदां आला, त्याचें कारण आहे. ज्या १४ जातींचा धोका नव्यानें तपासावा असें तो २०२३ चा अहवाल म्हणतो, त्यांत हा पक्षी आहे. शेजारच्या तेलंगणाचा हा राज्यपक्षी. आपल्याकडेही कित्येक घरांतून दसऱ्याच्या दिवशीं त्याचें दर्शन शुभ मानतात. पावसाळा सरतां सरतां तो शेताकडेच्या तारांवर दिसूं लागतो, बसला असतां मळकट, उडाला कीं निळाभोर. पक्षिसप्ताहाच्या आधीं कांहीं दिवस किंवा कांहीं आठवडे येणारा हा सण म्हणजे आयती मोजणी आहे. सेलू, मानवत, पाथरी, पालम, कोणत्याही गांवच्या कुटुंबानें दसऱ्यास सोनें लुटावयास जातांना किती अंतर चाललों, किती वेळ लागला व नीळकंठ किती दिसले, हें घरच्या वहींत दर वर्षीं लिहावें. आणि एकही दिसला नाहीं तर त्या वर्षापुढें शून्य घालावें.