दोघी आणि तिसरी नजर

दोन स्त्रियांमधली टोकाची ओढ आणि तिच्यातून ओढवणारा विनाश हा विषय पडद्यावर अनेकदा खऱ्या गुन्ह्याचा हात धरून आला आहे. १९३३ मध्ये फ्रान्समधील ल मां शहरात क्रिस्टीन आणि लेआ पापां या मोलकरीण बहिणींनी मालकीण व तिच्या मुलीचा खून केला. १९५४ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये पॉलिन पार्कर आणि ज्युलिएट ह्यूम या शाळकरी मैत्रिणींनी पॉलिनच्या आईला विटेने ठेचून मारले. दोन्ही खटल्यांवर वृत्तपत्रे तुटून पडली. दिग्दर्शकापुढे मात्र वेगळाच प्रश्न होता: या जोडीकडे पाहायचे कुठून, खोलीच्या आतून की दाराबाहेरून?

पीटर जॅक्सनने ‘हेवन्ली क्रीचर्स’मध्ये (१९९४) आतली बाजू निवडली. पॉलिनच्या डायरीतील मजकूरच निवेदन म्हणून ऐकू येतो, मुलींनी रचलेले काल्पनिक राज्य आणि त्यातली मातीची माणसे पडद्यावर चालू-बोलू लागतात. मेलनी लिन्स्की आणि केट विन्स्लेट या दोघींचे हे चित्रपटातले पदार्पण. त्यांचा उत्साह प्रेक्षकालाही लागतो, आणि चित्रपटाची खरी भीती तिथेच आहे. ज्युलिएटला परदेशी पाठवायचे ठरते तेव्हा ताटातूट टाळण्यासाठी एक आई मारणे हा मुलींना सुचलेला उपाय क्षणभर हिशेबाला धरून वाटतो. खुनाच्या प्रसंगात कल्पनेचे राज्य नाहीसे होते. उरते ती बागेतली चिखलाची वाट आणि मरायला वेळ घेणारी एक सामान्य बाई.

पापां बहिणींवर बरेच लिहिले आणि सादर केले गेले. नॅन्सी मेक्लरच्या ‘सिस्टर माय सिस्टर’ने (१९९४) माळ्यावरच्या दोघी बहिणींसमोर दिवाणखान्यातल्या मायलेकींची तितकीच कोंडलेली जोडी ठेवली, ही त्यातली सर्वांत चतुर गोष्ट. क्लोद शाब्रोलचा ‘ला सेरेमोनी’ (१९९५) रूथ रेंडेलच्या कादंबरीवर आधारलेला असला तरी या खटल्याची सावली त्यावर आहे. निरक्षरता लपवणारी मोलकरीण आणि टपाल कचेरीतली आगाऊ बाई यांचे नेमके नाते काय, हे शाब्रोल सांगतच नाही. दोघींवरही पूर्वी कुणाच्या तरी मृत्यूचा संशय आलेला आहे. ते कळल्यावर त्या खो खो हसतात, आणि दोस्ती पक्की होते. दूरचित्रवाणीवर ऑपेरा पाहत बसलेल्या कुटुंबावर त्या बंदूक चालवतात तेव्हा वर्गद्वेषाइतकाच पोरकटपणाही त्यात असतो. कारणे पुरवण्याच्या मोहापासून इतका दूर राहिलेला चित्रपट या प्रकारात विरळाच.

खुनाशिवायही विनाश होतो. फासबिंडरच्या ‘द बिटर टीअर्स ऑफ पेट्रा फॉन कांट’मध्ये (१९७२) एकही पुरुष पात्र नाही आणि सगळे एका घरात घडते. फॅशन डिझायनर पेट्रा तरुण कारीनपायी उद्ध्वस्त होते. पण पाहण्यासारखी आहे ती मार्लेन, एक शब्दही न बोलणारी मदतनीस. राबवून घेणे, अपमान करणे हेच पेट्राचे तिच्याशी नाते. शेवटी पेट्रा बरोबरीची भाषा करू लागते, तेव्हा मार्लेन सामान भरून निघून जाते.

भारतात पद्मराजनच्या ‘देशाटनक्किळी करयारिल्ला’ (१९८६) या मल्याळम चित्रपटात सहलीतून पळालेल्या दोन शाळकरी मुलींचा शेवट मृत्यूत होतो. त्यांच्यातल्या ओढीला चित्रपट नाव देत नाही, तरी ती जपतो. उलट करण राजदानच्या ‘गर्लफ्रेंड’ने (२००४) समलिंगी आकर्षणालाच विकृती ठरवले आणि जाहिरात मात्र त्याच आकर्षणाची केली. चित्रपटगृहांवर हल्ले करणाऱ्यांना तो अश्लील वाटला. समलिंगी स्त्रियांच्या गटांचा आक्षेप त्यातल्या खोटेपणाला होता, आणि तोच योग्य होता.

मराठीत हा विषय आधी रंगमंचावर आला. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात रोहिणी हट्टंगडींनी स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा साकारली. तेंडुलकरांच्याच पटकथेवरील ‘उंबरठा’त (१९८२) महिलाश्रमातील दोघींचा संबंध एका प्रसंगापुरताच येतो. पुढे रवी जाधव यांनी तेंडुलकरांच्या कथेवर ‘मित्रा’ हा कृष्णधवल लघुपट केला. ‘बायोस्कोप’ या लघुपटांच्या संग्रहातून (२०१५) तो पडद्यावर आला. वीणा जामकरची सुमित्रा त्यात संयत आणि ठाम आहे. तरी नाटकात काय आणि लघुपटात काय, तिच्यापर्यंत पोहोचायची वाट तिच्यावर जीव जडलेल्या तरुणावरून जाते. सुमित्रा आणि तिची प्रिया एकमेकींशी एकांतात कशा बोलत असतील, हे मराठी पडद्याने अजून फारसे ऐकलेले नाही.