ज्ञानजन्य अरुची आणि शिफारशीचा धर्म

वाचन कमी झाले आहे, ही तक्रार आपल्याकडे नवी नाही. आणि ती बहुधा इतरांविषयी केली जाते. तरुण वाचत नाहीत, नोकरदार वाचत नाहीत, असे आपण म्हणतो. परंतु ज्यांचा व्यवसायच वाचनाचा आहे, त्या अध्यापकांच्या, समीक्षकांच्या, संपादकांच्या आणि लेखकांच्या वाचनाचे काय झाले आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ही मंडळी वाचतात पुष्कळ. आवडीने किती वाचतात, हे सांगणे मात्र कठीण आहे. अभ्यासक्रमासाठी, प्रबंधासाठी, परीक्षणासाठी किंवा पारितोषिकाच्या निवडीसाठी हाती घेतलेले पुस्तक काम संपताच हातावेगळे होते. अशा वाचनात वर्गीकरण असते, निर्णय असतो, ओढ नसते. ही ओढ हरवते कशी आणि परत येते कशी, याचा विचार समीक्षेच्या कक्षेत येतो काय? प्रस्तुत लेखकाच्या मते तो येतो. आणि तो टाळल्यामुळे समीक्षेचे एक मूळ कार्यच आपल्याकडून दुर्लक्षिले गेले आहे.

या प्रश्नाला आपल्या साहित्यशास्त्रात एक जुना आधार सापडतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त भावकांचे, म्हणजे काव्याचा आस्वाद घेणाऱ्यांचे, चार प्रकार मानले आहेत: अरोचकी, सतृणाभ्यवहारी, मत्सरी आणि तत्त्वाभिनिवेशी. पहिल्याला काहीच रुचत नाही. दुसरा अन्नाबरोबर गवतही गिळतो. तिसऱ्याला गुण दिसूनही न दिसल्यासारखे असतात. चौथा खरा मर्मज्ञ, आणि तो हजारांत एखादाच. हे वर्गीकरण आपण वर्गात सांगतो आणि पुढे जातो. पण अरोचकी भावकाविषयी राजशेखराने केलेला एक पोटभेद अधिक मोलाचा आहे. त्याच्या मते ही अरुची दोन प्रकारची असते: एक स्वभावजन्य, दुसरी ज्ञानजन्य. पहिली शेकडो संस्कार केले तरी जात नाही. कथलाचा काळेपणा जावा कसा? दुसरी मात्र खरोखर विशेष असे काही वाणीत आढळले, की ओसरते आणि तिच्या जागी रुची उत्पन्न होते.

ज्यांचा व्यवसाय वाचनाचा आहे त्यांची अरुची या दुसऱ्या जातीची आहे. ती लाजिरवाणी नाही. पुष्कळ वाचल्यावर पुनरुक्ती लवकर ओळखू येते, अनुकरण लपत नाही, पहिल्या दहा पानांतच पुढच्या दोनशे पानांचा अंदाज येतो. विवेकासाठी मोजावी लागणारी ही किंमत आहे. अडचण वेगळीच आहे. ज्ञानजन्य अरुचीवरचा उपाय म्हणजे विशेष असे काही भेटणे. परंतु अरुची जडलेला माणूस ते शोधायला बाहेर पडत नाही. ते त्याच्या हाती कुणीतरी ठेवावे लागते. ज्याच्या रुचीवर त्याचा विश्वास आहे अशा दुसऱ्या वाचकानेच, ‘एवढे वाचून पाहा’, असे म्हणावे लागते. शिफारस ही गोष्ट आपण शिष्टाचाराच्या किंवा व्यापाराच्या सदरात टाकली आहे. वस्तुतः रुचीच्या पुनरुज्जीवनात तिचे स्थान मध्यवर्ती आहे.

एक सर्वपरिचित उदाहरण घेऊ. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या गाण्यांपैकी जे टिकले ते सोपानदेवांसारख्या घरच्या माणसांनी टिपून ठेवले म्हणून. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर ही गाणी आचार्य अत्रे यांच्यापुढे आली आणि १९५२ साली त्यांच्याच प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अत्र्यांचे येथील कार्य संशोधकाचे नव्हते आणि मीमांसकाचेही नव्हते. बोलीचे व्याकरण, प्रतिमांची घडण, श्रमजीवी स्त्रीचे जीवनदर्शन या सर्वांचा विचार इतरांनी नंतर केला. अत्र्यांनी केले ते एवढेच, की आपली वाचक म्हणून असलेली पत एका अनामिक शेतकरी स्त्रीच्या शब्दांसाठी पणाला लावली. प्रमाणभाषेवर पोसलेल्या वाचकाला खानदेशी बोलीविषयी जो दुरावा वाटणे शक्य होते, तोही ज्ञानजन्य अरुचीचाच एक प्रकार होय. विशेष वाणी समोर येताच तो दुरावा सरला. परंतु ती समोर आली एका शिफारशीमुळे, हे विसरता येत नाही.

शिफारशीचे सामर्थ्य एका भाषेपुरते मर्यादित नसते. रवींद्रनाथांनी ‘काव्येर उपेक्षिता’ या निबंधात रामायणातील ऊर्मिलेकडे कवींचे दुर्लक्ष झाल्याचे दाखवून दिले. हा निबंध पुढे १९०७ च्या ‘प्राचीन साहित्य’ या त्यांच्या संग्रहात आला. १९०८ साली महावीरप्रसाद द्विवेदी यांनी ‘सरस्वती’ मासिकातून तोच विषय हिंदी वाचकांपुढे मांडला. आणि त्या प्रेरणेतून मैथिलीशरण गुप्त यांचे ‘साकेत’ हे महाकाव्य उभे राहिले. येथे शिफारस झाली ती नव्या ग्रंथाची नव्हे. सर्वांनी वाचलेल्या, म्हणून कुणीच नीट न वाचलेल्या, ग्रंथातील एका कोपऱ्याकडे बोट दाखवले गेले. वाचनाची ओढ परत येण्याचा हा दुसरा मार्ग आहे: नवे पुस्तक नव्हे, तर जुन्या पुस्तकातील न पाहिलेली जागा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. आवडनिवड ही व्यक्तिगत. समीक्षेने तिच्यावर विसंबावे काय? मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथाने मूल्यनिर्णयाला तात्त्विक पाया देण्याचा जो कसोशीचा प्रयत्न केला, त्यानंतर ‘मला आवडले’ एवढ्यावर थांबणे मराठी समीक्षकाला शक्य राहिले नाही. आणि ते योग्यच झाले. आक्षेप अभिप्रायाला लागू पडतो. शिफारस ही अभिप्रायाहून वेगळी आहे. अभिप्राय लेखकाविषयी असतो. शिफारस वाचकाला उद्देशून असते. म्हणून तिला तीन गोष्टी सांगाव्याच लागतात: ग्रंथात नेमके काय भेटते, ते कोणत्या वाचकासाठी आहे आणि त्यात उणे काय आहे. यांपैकी तिसरी गोष्ट गाळली की शिफारशीची जाहिरात होते. दुसरी गाळली की तिचे पारितोषिकाच्या मानपत्रात रूपांतर होते. मानपत्र सर्वांसाठी असते, म्हणून कुणासाठीच नसते. आणि पहिली गाळली की उरते ती नुसती यादी. आज संगणकही अशा याद्या क्षणात पुढे करतो. काल काय घेतले यावरून उद्या काय आवडेल याचे तो गणित मांडतो; त्यामुळे तो वाचकाला पुन्हा त्याच्या स्वतःच्याच दारात आणून सोडतो. अरुची जडलेल्याला तर नेमके आपल्या दारातून बाहेर पडायचे असते.

तत्त्व मांडणाऱ्याने ते स्वतःला लावून दाखवावे, हे उचित. म्हणून भिन्नभाषी सहृदयांनाही पारखता येतील अशा तीन ग्रंथांची शिफारस या ठिकाणी करतो.

चरित्रपर लेखनातील आत्मगौरवाला जो विटला आहे, त्याने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावी. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेत वडिलांचे सोवळ्याचे वेड आहे, पती नारायण वामन टिळक यांचे १८९५ मधील धर्मांतर आहे, ताटातूट आहे. आणि हे सर्व सांगणाऱ्या बाईच्या आवाजात तक्रारीचा सूर नाही. ती हसते, आणि प्रथम स्वतःला हसते. कालक्रम सैल आहे, माणसे ओळख करून न देताच येतात. परंतु घरात बसून ऐकावे तसे हे ऐकले, की तो दोष जाणवेनासा होतो. शांता गोखले यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर २०१७ साली प्रसिद्ध झाले आहे.

इतिहासातील वीरगाथांनी ज्याचे कान किटले आहेत, त्याने विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वाचावा. वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि १८५७ च्या उठावात सापडला. झांशीचा वेढा त्याने आतून पाहिला. त्याला पराक्रम सांगायचा नाही. जीव कसा वाचला, लूट कशी झाली, पोटाला काय मिळाले, हे सांगायचे आहे. लेखन घटनांनंतर सुमारे पाव शतकाने, आठवणीवर भिस्त ठेवून झाले. ऐकीव आणि पाहिलेले यांची सरमिसळ आहे, हे ध्यानात ठेवावे. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली काढलेल्या आवृत्तीत मजकुरावर संपादकाचा हात फिरला होता. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ पाठ प्रसिद्ध केला, तो वाचावा. हिंदी वाचकांसाठी अमृतलाल नागर यांनी हे पुस्तक पूर्वीच भाषांतरित केले आहे.

कथा या प्रकाराकडून आता नवे काही मिळणार नाही असे ज्याला वाटते, त्याने बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा संग्रह हाती घ्यावा. शीर्षककथेतील रेल्वे कामगार परगावी आपली जात लपवून राहतो. ‘चोरली’ या एका क्रियापदात बागुलांनी सगळा न्यायव्यवहार उलटा करून दाखवला आहे: ज्याच्याकडून माणूसपण हिरावले गेले, त्यानेच चोर ठरावे! त्यांची भाषा काही ठिकाणी घोषणेच्या पट्टीत चढते. पण जे सांगायचे आहे ते मंद स्वरात सांगता आले असते काय, हा प्रश्न वाचकाने स्वतःलाच विचारावा.

या तिन्ही शिफारशी चुकीच्याही ठरू शकतील. शिफारस करणारा उघड्यावर उभा असतो. निकषांच्या तटबंदीआड राहून त्याला बोलता येत नाही. मौन बाळगणाऱ्या किंवा सर्वांचीच भलामण करणाऱ्या समीक्षकाचे काहीच पणाला लागत नाही. राजशेखराचा सतृणाभ्यवहारी आणि मत्सरी हे दोघेही त्या अर्थाने सुरक्षित आहेत. तत्त्वाभिनिवेशी हजारांत एक असेल. परंतु त्याला जे सापडले ते त्याने उरलेल्या नऊशे नव्याण्णवांना सांगितले नाही, तर त्याच्या मर्मज्ञतेचा साहित्याला उपयोग काय? ज्ञानाने आलेली अरुची ज्ञानानेच घालवता येते. मात्र ते ज्ञान एका वाचकाने दुसऱ्याच्या हाती ठेवावे लागते.