‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील साधनपातळी आणि खेळाडूचे कौशल्य : एक चिकित्सा

प्रस्तावना

अंगावरच्या वस्त्रावरून माणसाची योग्यता ठरवण्याची सवय जुनी आहे आणि त्या सवयीवर शंका घेण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. एकविसाव्या शतकात हा वाद ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांच्या क्षेत्रात नव्याने उभा राहिला. ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा या प्रकारातील सर्वाधिक चर्चिला गेलेला खेळ होय. या खेळात पात्राच्या अंगावरील शस्त्रे, चिलखत व आभूषणे यांना मिळून ‘गिअर’ म्हणतात. प्रत्येक वस्तूला ‘आयटम लेव्हल’ नावाचा एक अंक असतो आणि तो जितका मोठा तितकी वस्तू सामर्थ्यवान मानली जाते. हा अंक खेळाडूच्या कौशल्याचे प्रमाण मानता येईल काय, या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. विवेचनाचा भर या खेळाच्या २००८ ते २०१० या कालखंडावर आहे, कारण याच काळात या प्रश्नाला तीव्र सामाजिक रूप आले.

साधनपातळीचा अर्थ

नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ या विस्तारात पात्राची कमाल पातळी ८० होती. त्या पातळीला पोहोचल्यावर सर्व पात्रे अनुभवाच्या दृष्टीने समान होत आणि पुढील वाढ केवळ गिअरच्या मार्गाने होई. उत्तम गिअर प्रामुख्याने ‘रेड’मध्ये, म्हणजे १० किंवा २५ खेळाडूंनी एकत्र येऊन करावयाच्या मोहिमांत मिळे. बलाढ्य शत्रू (‘बॉस’) पराभूत झाल्यावर मोजक्याच वस्तू हाती येत. त्याच मोहिमेतून पुन्हा लाभ मिळवण्यासाठी पुढील आठवड्याची वाट पाहावी लागे.

या रचनेचा तर्क स्पष्ट आहे. कठीण शत्रू जिंकल्याशिवाय उत्तम वस्तू मिळत नाही, म्हणून उत्तम वस्तू ज्याच्या अंगावर आहे तो कठीण शत्रू जिंकलेला असणार. हा तर्क सर्वस्वी चुकीचा म्हणता येत नाही. तथापि त्यात एक गृहीतक दडलेले आहे. विजय पंचवीस जणांचा असतो आणि वस्तू एकाच्या अंगावर जाते. त्या एकाचा विजयातील वाटा किती, हे वस्तू सांगत नाही.

वस्तूंच्या वाटपाची पद्धत पाहिली म्हणजे हे अधिक उघड होते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील संघांनी ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ ही गुणपद्धती रूढ केली व पुढे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील अनेक संघांनी ती स्वीकारली. सामान्यतः या पद्धतीत मोहिमेतील उपस्थितीबद्दल गुण मिळतात आणि ते खर्चून वस्तू घेता येते. इतर संघांत केवळ संगणकी फाशांवर वाटप होई. म्हणजेच गिअर हे वेळ, संगत आणि दैव या तिहींचा संचय आहे. कौशल्य त्यात असते, परंतु या तिघांपासून वेगळे काढता येत नाही.

‘गिअरस्कोअर’चा उदय

२००९ मध्ये खेळाडूंनीच तयार केलेले ‘गिअरस्कोअर’ हे जोडसाधन (ॲडऑन) प्रचारात आले. पात्राच्या अंगावरील सर्व वस्तूंचा एकत्रित हिशेब करून ते एकच अंक दाखवी. अनोळखी खेळाडूंच्या तात्पुरत्या गटात कोणाला घ्यावे, हा गटप्रमुखापुढील प्रश्न त्यामुळे क्षणात सुटू लागला. ठरावीक अंकाखालील अर्ज वाचलेच जाईनात.

या अंकाच्या मर्यादा मूलभूत होत्या. खेळाडू-विरुद्ध-खेळाडू लढतींसाठी घडवलेल्या वस्तूंमध्ये ‘रेझिलियन्स’ हा गुणधर्म असे. राक्षसांविरुद्धच्या मोहिमांत त्याचा फारसा उपयोग नसतानाही अशा वस्तूंनी अंक फुगे. याउलट आपल्या भूमिकेला नेमक्या अनुरूप, पण किंचित खालच्या पातळीच्या वस्तू विचारपूर्वक निवडणारा खेळाडू अंकात मागे पडे. वस्तूंची निवड हाच जेथे कौशल्याचा एक भाग, तेथे निवडीलाच न पाहणारे माप कौशल्याचे माप कसे ठरावे?

याच काळात वस्तू मिळवणेही सुलभ झाले होते. २००९ मधील सुधारणांनी पाच जणांच्या छोट्या मोहिमांतून मिळणाऱ्या चिन्हांच्या बदल्यात वरच्या दर्जाच्या वस्तू उपलब्ध केल्या. डिसेंबर २००९ मधील ‘डन्जन फाइंडर’ सुविधेमुळे अशा मोहिमांसाठी आपोआप गट जमू लागले. नवागताला वाट मोकळी करणारे हे धोरण स्वागतार्हच होते. परंतु त्यामुळे अंक व अनुभव यांचे उरलेसुरले नातेही सैल झाले.

दोन शत्रूंचे साक्ष्य

गिअर व कौशल्य यांचा संबंध खेळाच्या अंतर्गत रचनेतूनच तपासता येतो. ‘नॅक्सरामस’ मोहिमेतील ‘पॅचवर्क’ हा शत्रू जवळजवळ निव्वळ अंकगणित आहे. तो प्रचंड आघात करतो आणि ठरावीक वेळेत त्याला संपवावे लागते. येथे चिलखत कमी पडले तर चातुर्य फारसे उपयोगी पडत नाही. खेळाडू अशा लढतीला ‘गिअर चेक’ म्हणतात ते यथार्थ आहे.

‘आइसक्राउन सिटाडेल’ मोहिमेचा अंतिम शत्रू ‘लिच किंग’ याची प्रकृती निराळी आहे. त्याच्या ‘डिफाइल’ या विद्येने एखाद्या खेळाडूच्या पायाखाली काळे वर्तुळ उमटते. कोणीही त्यात उभा राहिला की ते वाढत जाते आणि एकाच्या क्षणभराच्या दिरंगाईने सारा संघ नष्ट होऊ शकतो. ही विद्या ओळखून वेळीच पाय काढणे एवढेच येथे अपेक्षित असते आणि जगातले कोणतेही चिलखत ते काम खेळाडूसाठी करीत नाही. पॅचवर्कसमोर उपयोगी पडणारा अंक लिच किंगसमोर मुका होतो.

याच मोहिमेत २०१० साली कंपनीने सर्व खेळाडूंचे सामर्थ्य टप्प्याटप्प्याने ५ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत वाढवणारे साहाय्य दिले. परिणामी साहाय्याविना जिंकलेला आणि ३० टक्के साहाय्याने जिंकलेला असे दोघेही एकच वस्तू अंगावर मिरवू लागले. वस्तू तीच, अंक तोच, पण त्यामागील इतिहास सर्वस्वी भिन्न. आयत्या बिळावर बसलेला नागोबा आणि बीळ खणणारा यांच्यात फरक करण्याची शक्ती त्या अंकात नव्हती.

माप आणि द्वारपाल

येथपर्यंतचा दोष अपुऱ्या मापाचा आहे. खरा अनर्थ त्या मापाला द्वारपाल नेमल्याने झाला. गिअर हवे तर मोहिमेत प्रवेश हवा आणि प्रवेश हवा तर आधी गिअर हवे, असे दुष्टचक्र निर्माण झाले. पुष्कळ गटप्रमुख त्याच शत्रूवरील पूर्वविजयाची नोंदही मागू लागले. म्हणजे जो आधीच आत आहे त्यालाच आत घेतले जाई. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेले तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. एखाद्या निर्देशकावर नियंत्रणासाठी भार टाकला की त्याची विश्वसनीयता ढासळते. अंकासाठी अंगी चढवलेली वस्तू खेळासाठी निवडलेली नसते.

पर्यायी मापांची परीक्षा

कंपनीनेही पुढे गिअर बाजूला ठेवून कौशल्य मोजण्याचे प्रयत्न केले. २०१२ च्या ‘मिस्ट्स ऑफ पँडारिया’ विस्तारातील ‘चॅलेंज मोड’मध्ये वरचढ गिअरची पातळी ४६३ वर उतरवली जाई आणि वेळेची स्पर्धा होई. २०१३ मध्ये ‘प्रूव्हिंग ग्राउंड्स’ ही एकट्याने द्यावयाची परीक्षा आली. २०१४ च्या ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’मध्ये काही मोहिमांच्या स्वयंचलित गटात शिरण्यासाठी तिचे रौप्यपदक अनिवार्य केले गेले. २०१६ च्या पुढील विस्तारात ही अट राहिली नाही. २०२१ मध्ये ‘मिथिक प्लस’ मोहिमांतील कामगिरीवर आधारित गुणांकन खेळातच समाविष्ट झाले.

ही मापे गिअरपेक्षा निश्चितच प्रामाणिक आहेत, कारण ती मालमत्तेऐवजी कृती मोजतात. तथापि एकट्याने दिलेली परीक्षा सहकार्य मोजीत नाही आणि गटाचे गुणांकन पुन्हा संगतीवर अवलंबून राहते. मार्क चेन यांनी ‘लीट नूब्ज’ (२०१२) या ग्रंथात एका चाळीस जणांच्या संघाचा अभ्यास केला आहे. कौशल्य हे एकट्या व्यक्तीत साठलेले नसून खेळाडू, त्यांची साधने व परस्परसंबंध यांच्या जाळ्यात विखुरलेले असते, असे त्यातून दिसते. हे मान्य केल्यास एका व्यक्तीचे कौशल्य एका अंकात सामावेल ही अपेक्षाच भाबडी ठरते.

समारोप

साधनपातळी खेळाडू किती आघात सोसू शकेल हे सांगते, तो आघात चुकवू शकेल काय हे सांगत नाही. ती क्षमतेची किमान अट असू शकते, गुणवत्तेचा पुरावा असू शकत नाही. अट आणि पुरावा यांतील हा भेद पुसला गेला की शिकू इच्छिणारा बाहेर राहतो आणि मिरवणारा आत जातो.

खेळाबाहेरही हा भेद परिचित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांद्वारे महाविद्यालयीन अध्यापकांसाठी शैक्षणिक कार्यनिर्देशांक (एपीआय) लागू केला आणि २०१८ च्या विनियमांत त्यात मोठे फेरबदल केले. अध्यापन, संशोधन व सेवा यांना अंकांत बसवणाऱ्या त्या पद्धतीचा हेतू पारदर्शकतेचा होता, जसा अनोळखी माणसांतून सहकारी निवडणाऱ्या गटप्रमुखाचाही होता. दोन्हीकडे अंकाची गरज खरी आहे आणि मर्यादाही तितकीच खरी आहे. ज्याला निवड करावयाची आहे त्याने अंक पाहावा, पण तेथेच थांबू नये. अनोळखी खेळाडूला एका लढतीची संधी देणे हाच त्याचे कौशल्य जाणण्याचा सर्वात जुना आणि अद्याप सर्वात विश्वासार्ह मार्ग आहे.