५७ किलोंची कुस्ती

आमच्या चंद्रपूरच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत रोज एक काल्पनिक कुस्ती लागते. परवा लागली ऐन भरातल्या खाशाबा जाधवांची अमन सेहरावतशी. हेलसिंकी १९५२, पॅरिस २०२४. दोघांचं वजन ५७ किलो, दोघांना कांस्य. जोड पक्की!

रोखपाल म्हणाले, "खाशाबा मातीतला, भाऊ. गादीवर टिकन का?"

अहो, पदक गादीवरच मिळालं ना! या वादांचा दोष हाच. डाव मोजतात, भाडं विसरतात. खाशाबांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी ७००० रुपयांना घर गहाण टाकलं म्हणतात. गहाणखतं मी रोज हाताळतो. विद्यार्थ्यासाठी टाकलेलं एकही पाहिलं नाही.

निकाल? आधी खाशाबांचं तिकीट सरकारने काढावं. मग कुस्ती लावा.