ऋषीच्या भाजीचे परीक्षण

नाटकाचं परीक्षण होतं, पुस्तकाचं होतं, गाण्याच्या बैठकीचं तर बैठक संपायच्या आत जिन्यातच होतं. भाजीचं मात्र लोक दोन शब्दांत आटोपतात. 'बरी झालीय', नाही तर 'मीठ कमी आहे'. इतर भाज्यांना तेवढं पुरे. पण ऋषीच्या भाजीवर हा अन्याय आहे. दहा-बारा पात्रं एकदम रंगमंचावर आणून एकालाही नायक होऊ न देणारी दुसरी कलाकृती निदान आमच्या डोंबिवलीत तरी होत नाही.

हिचा प्रयोग वर्षातून एकदा, भाद्रपद शुद्ध पंचमीला. अळू, लाल माठाचे देठ, पडवळ, शिराळं, भेंडी, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, ओले शेंगदाणे, अंबाडी. नियम एकच: बैलाच्या कष्टाचं काही नको. ट्रॅक्टरचं चालतं का, याचा खुलासा ऋषींनी केलेला नाही. आमच्याकडे फोडणी नसते, मसाला नसतो. हिरवी मिरची, ओलं खोबरं आणि वरून तूप. अळू आणि सुरण घशाला खाजवणारे, म्हणून त्यांना आवरायला अंबाडीचा आंबटपणा. रचना पक्की आहे. दोष काढायचाच तर मक्याचा. चारचौघांत पानावर बसून कणीस कसं चोखावं, हे कुणी शिकवत नाही. व्रताची कथाही मला पटत नाही. बाईच्या पाळीला दोष ठरवून वर प्रायश्चित्त सांगणारी ती कथा. भाजी कथेपेक्षा कितीतरी शहाणी आहे.

किती शहाणी, ते २०१८ साली अमेरिकेतून कळलं. तिथल्या 'अमेरिकन गट प्रोजेक्ट' नावाच्या पाहणीत असं दिसलं, की आठवड्याला तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात, दहा किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त जातींचे जीवाणू नांदतात. प्रत्येक जातीची आवड वेगळी. एकाला अळूचा चोथा रुचतो, दुसऱ्याला शेंगदाण्याचा. आपल्याला न पचलेला चोथा खाऊन ही मंडळी जी आम्लं तयार करतात, त्यांवर आतड्याच्या अस्तराचं पोषण होतं. अर्थात पाहणीत संबंध दिसला, कारण सिद्ध झालं असं नव्हे.

मी लगेच आमच्या आठवड्याची मोजदाद केली. गहू, तांदूळ, तूरडाळ, कांदा, बटाटा, टोमॅटो, भेंडी, फ्लॉवर, पुन्हा बटाटा. "फोडणी धरा की," सौ. म्हणाली. "मोहरी, जिरं, हळद, हिंग, कढीपत्ता..." आकडा चढला खरा, पण चिमूटभर हिंगावर एवढ्या पाहुण्यांचं पोट भरेल, असं मला वाटत नाही.

भाजीची आता संक्षिप्त आवृत्तीही निघते. गणपतीत बाजारात ती चिरून पिशवीत मिळते. सहा-बावन्नची लोकल पकडणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही. पण मागे एक पिशवी मी उलगडून पाहिली, तर तीत भोपळा, भोपळा, भेंडी आणि भोपळा. संपादकाने कात्री फार चालवली होती.

मूळ संहिता अजून कल्याण-ठाण्याच्या स्टेशनांबाहेर मिळते, तीही पंचमीपुरती नव्हे. पावसाच्या तोंडावर मुरबाड-शहापूरकडच्या बायका शेवळं घेऊन बसतात; मग टाकळा, फोडशी, भारंगी, कंटोळी. परवा एक तरुण शेवळाच्या जुडीकडे, ती चावेल अशा नजरेने बघत होता. "काकडं टाक बाबा संगती, न्हाई तर घसा खाजंल," मावशी म्हणाली आणि काकडाची आंबट फळं तिने जुडीबरोबर पुढे केली. हे ज्ञान जुडीबरोबर फुकट मिळतं. जुडी घेणारी गिऱ्हाइकं संपली, की मावशी यायची थांबेल, आणि काकडं का घालायची हे सांगायला कुणी उरणार नाही. तरुणाने फोटो काढला. नंतर, नशीब, जुडीही घेतली.

ऋषीची भाजी दर शनिवारी करावी, असा ठराव मी घरात मांडला. "करू की," सौ. म्हणाली, "देठ तुम्ही सोला." माठाचे देठ सोलायला पाऊण तास लागतो, हे मी आता घड्याळ लावून सांगू शकतो. सुरण अजून चिरायचा आहे.