हेन्रिएटा लेव्हिटचा निर्देशांक किती?

काही वर्षांपूर्वी आम्ही एका निवड समितीवर होतो. टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता आणि प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता. त्या आकड्यांच्या उतरत्या क्रमाने अर्ज लावलेले होते. एका उमेदवाराने आठ वर्षे रेडिओ दुर्बिणीचे ग्राहकयंत्र बनवण्यात घालवली होती. त्याचा आकडा होता ६. वरच्या अर्जांवरील आकडे विशीच्या पुढचे. बैठक संपेपर्यंत त्याचा अर्ज कोणी उघडला नाही. आम्हीही नाही.

हा आकडा म्हणजे एच-निर्देशांक. हॉर्हे हिर्श या अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ साली सुचवला. एखाद्याचे शोधनिबंध, इतरांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला त्या संख्येच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि त्यांना १, २, ३ असे क्रमांक द्यायचे. संदर्भांची संख्या जिथपर्यंत क्रमांकाहून कमी होत नाही, तो शेवटचा क्रमांक म्हणजे निर्देशांक. समजा, एकाच्या पाच निबंधांना २५, १२, ४, ३ आणि १ असे संदर्भ मिळाले. तिसऱ्या निबंधाला ४ संदर्भ आहेत, पण चौथ्याला ३ च; म्हणून निर्देशांक ३. दुसऱ्याचे संदर्भ ९००, ३, २, १, १ असे असतील तर निर्देशांक २. हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. ते ९०० कुठे गेले, असे कोणी ना कोणी विचारीलच.

हिर्श यांचा हेतू वाईट नव्हता. नुसते ढीगभर निबंध लिहिणारा पुढे जाऊ नये, आणि एखाद्याच गाजलेल्या निबंधावर कोणी आयुष्यभर तरून जाऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. पण खगोलशास्त्रात कधी कधी तो एकच निबंध सगळे काही असतो.

हेन्रिएटा लेव्हिट हार्वर्ड वेधशाळेत ताशी ३० सेंट मजुरीवर काम करीत असे. छायाचित्रांच्या काचा भिंगाखाली धरून ताऱ्यांची तेजस्विता मोजायची, हे तिचे काम. १९०८ साली तिने मॅगेलनी मेघांतील १७७७ चल ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत थोड्याच ताऱ्यांचे आवर्तकाल काढलेले होते. पण जो तारा अधिक तेजस्वी त्याचा आवर्तकाल अधिक लांब, हे तिच्या ध्यानात आले. १९१२ साली लघु मॅगेलनी मेघातील २५ ताऱ्यांवरून तिने हा नियम आलेखासह मांडला. ते सगळे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून त्यांच्या दिसणाऱ्या तेजातील फरक हा खऱ्या तेजातील फरक, हा त्यातला साधा आणि विलक्षण तर्क. हे काही पानांचे परिपत्रक निघाले मात्र वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या सहीने. मजकूर मिस लेव्हिटने तयार केला आहे, असे त्यांनी आरंभीच नमूद केले, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

पुढे १९२३ साली हबल यांना देवयानी दीर्घिकेत असाच एक तारा सापडला. लेव्हिटचा नियम लावून त्यांनी सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे हे अंतर काढले. आज आपण ते २५ लाख मानतो. पण ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे ठरायला तेवढे पुरेसे होते. विश्व किती मोठे, याचे उत्तर त्या परिपत्रकावर उभे राहिले. लेव्हिटच्या नावावरचे निबंध मोजकेच. तेव्हा तिचा निर्देशांक कसाही काढला तरी लहानच येणार.

आणखी एक गंमत पाहा. एखादा शोध पाठ्यपुस्तकात गेला की त्याला संदर्भ मिळणे कमी होते. गुरुत्वाकर्षण वापरताना न्यूटनच्या ग्रंथाचा संदर्भ कोण देतो? म्हणजे यश पुरते मुरले की या मोजपट्टीवर ते दिसेनासे होते.

उशिराचेही तसेच. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली केश दीर्घिकासमूहातील वेग तपासले आणि दिसणारे द्रव्य त्या मानाने फारच कमी आहे असे दाखवले. निबंध जर्मन भाषेत, एका स्विस नियतकालिकात. कृष्णद्रव्याचा प्रश्न खगोलविदांनी गंभीरपणे घेतला तो १९७० च्या दशकात. दर पाच वर्षांनी हिशेब मागणाऱ्या आजच्या संस्थेत झ्विकींचे ते काम वायाच गेले असे ठरले असते.

उलट बाजूला, गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या वेधाचा २०१६ चा निबंध घ्या. त्याचे लेखक हजाराहून अधिक. त्याचे संदर्भ प्रत्येकाच्या खात्यात पुरेपूर जमा होतात. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या वेधांवर निबंध लिहिणाऱ्याला संदर्भ मिळतात. तिची ग्राहकयंत्रे रात्री-अपरात्री दुरुस्त करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा आभाराची एक ओळ येते. ती ओळ निर्देशांकात धरत नाहीत.

संदर्भ मोजणे निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. एखादा विषय कुठून कुठे गेला हे शोधायला आम्ही स्वतः रोज संदर्भसूच्या चाळतो. वशिल्याच्या नेमणुकीला आकड्याने थोडा आळा बसतो, हेही खरे. पण एका आकड्याने माणसाची ढोबळच कल्पना येते, असे हिर्श यांनी मूळ निबंधातच म्हटले होते. आणि २०२० साली आपल्या निर्देशांकाच्या दुष्परिणामांबद्दल त्यांनी उघड नाराजीही लिहिली. समित्यांनी आकडा उचलला, इशारा तिथेच ठेवला.

अलीकडे समितीवर जाण्यापूर्वी आम्ही एक अट घालतो: उमेदवाराने स्वतः निवडलेले दोन निबंध, किंवा बनवलेल्या यंत्राचे टिपण, अर्जाला जोडावे आणि निदान दोन सदस्यांनी ते आधी वाचून यावे. बैठक लांबते, चहा दोनदा येतो. काही सदस्य कुरकुरतात आणि आकडा विचारतात. तो आम्ही सांगतो, पण वाचून झाल्यावर.